विमानाने आलेली सायकल बाभुळगावी कशी आणावी?



या सदरात आपण बहुतेक वेळा पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि जनावरांचे खाद्य यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. पण तोही शेतकऱ्याच्या घरचाच आहे, आणि त्यात चार पैसे मिळण्याचा आणि चार पैसे बुडण्याचाही प्रश्न आहे. म्हणून नेमाने वाचणाऱ्यांनी पान उलटू नये.

बाभुळगाव भागातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाकडे छोटा हत्ती आहे. हंगामात कापूस आणि भाजी वाहून तो घरखर्चाला हातभार लावतो. त्यांच्या नात्यातल्या एकाने पुण्याहून विचारले आहे की, आम्ही आठ जण थंडीत चार दिवस सायकलीने सेवाग्राम, पवनार, कळंब आणि बेंबळा धरणाच्या बाजूला फिरणार आहोत. आमच्या सायकली विमानाने नागपूरला येतील, तेथून त्या गावी आणशील काय? मुलगा हो म्हणून बसला आहे. आईला मात्र घोर लागला आहे. त्या लिहितात, "एकेक सायकल बैलजोडीच्या किमतीची आहे म्हणे. वाटेत मोडली तर आम्ही काय विकून भरून द्यायची?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सायकल म्हणजे गरिबाची गाडी. दुधाची कॅन, गवताचा भारा आणि मागे बसलेले पोर, एवढे सगळे घेऊन ती तीस-तीस वर्षे चालते. तिला कुणी खोक्यात घालत नाही. पण आता जी सायकल शहरातून फिरायला येते, तिची गोष्ट वेगळी. तिची किंमत लाख-दोन लाखही असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत जोडीने पुरी केली होती. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, ती मावळ, मुळशी, पुरंदर, बारामती या भागांतल्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरून गेली. सायकलीने मुलूख पाहण्याची हौस आता शहरांत वाढली आहे, आणि त्या हौसेची माणसे आज ना उद्या आपल्या रस्त्यावरही येणार. तेव्हा त्यांची सायकल कशी हाताळावी हे शिकून ठेवलेले बरे.

सायकल येते कोठे?

आपल्याला सोयीचे मोठे विमानतळ म्हणजे नागपूरचे सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. दुसरे अमरावतीजवळ बेलोरा येथे आहे. तेथे १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून प्रवासी विमान सुरू झाले. अंतराने बेलोरा आपल्याला नागपूरपेक्षा जवळ. परंतु तेथे सेवा सुरू झाली ती सत्तर-बहात्तर जणांच्या लहान विमानाने. लहान विमानाच्या पोटात जागा थोडी असते. आठ सायकलींची आठ मोठी खोकी एकाच फेरीत चढतील असे धरून चालू नये. पाहुण्यांनी विमान कंपनीला आधी विचारून, सायकली तिकिटावर नोंदवूनच बेलोऱ्याचा विचार करावा. नाहीतर माणसे आज आणि सायकली परवा, अशी गत व्हायची. मोठ्या तुकडीसाठी नागपूरच बरे.

तिसरा मार्ग रेल्वेचा. धामणगाव हे हावडा-मुंबई मार्गावरचे स्टेशन बाभुळगावहून जवळ आहे. सायकल लगेज म्हणून त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवून आणता येते. मात्र गाडी तेथे थोडाच वेळ थांबते आणि तेवढ्यात आठ सायकली उतरवून घ्यायच्या असतात. ती गाडी धामणगावी थांबते काय आणि तेथे लगेज उतरवून घेतात काय, हे पार्सल कचेरीत आधी विचारून ठेवा. एक-दोन सायकली असतील तर हा मार्ग स्वस्त पडतो. आठ असतील तर नागपूर किंवा वर्धा स्टेशनवर निवांत उतरवून पुढे गाडीने आणाव्या.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. बॅटरीवर चालणारी सायकल प्रवासी विमानातून येत नाही. लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत असेल तर चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या वर प्रवासी सामानात मनाई आहे. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्टची १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर झाले. म्हणजे मनाईच. पाहुण्यांपैकी कुणाची तशी सायकल असेल तर त्याला आधीच कळवा.

खोके कसे असते?

विमानात सायकल उघडी घेत नाहीत. पुढचे चाक काढतात, दोन्ही पायडल काढतात, हँडल वळवून फ्रेमशी बांधतात, सीट खाली करतात, टायरमधली हवा कमी करतात आणि सगळे पुठ्ठ्याच्या किंवा कडक प्लास्टिकच्या खोक्यात घालतात. असे खोके साधारण १४० सेंटीमीटर लांब, ८० सेंटीमीटर उंच आणि २२ सेंटीमीटर रुंद भरते. वजन सायकलीसह १५ ते २० किलो. देशातल्या विमानांत तिकिटाबरोबर साधारण १५ किलो सामान चालते, वरच्या वजनाचे पैसे पडतात, आणि एकच नग ३२ किलोंच्या वर गेला तर घेत नाहीत. हा हिशेब पाहुण्यांनी करायचा. आपल्याला खोक्याचे माप कळले म्हणजे झाले.

आता आपल्या गाडीचा हिशेब करू. छोटा हत्ती म्हणतात त्या गाडीचा हौदा सुमारे ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. म्हणजे २१५ सेंटीमीटर लांब, १४५ सेंटीमीटर रुंद. खोकी उभी ठेवून त्यांची लांबी हौद्याच्या रुंदीत आडवी घातली तर १४५ मध्ये १४० बसते. फळीवर पुस्तके लावतात तशी ती एकामागे एक लावायची. आठ खोकी गुणिले २२ म्हणजे १७६ सेंटीमीटर. मागे ३९ सेंटीमीटर जागा उरते, त्यात पाहुण्यांच्या पिशव्या बसतील. ही मापे गाडीगणिक आणि खोक्यागणिक थोडी बदलतात. म्हणून आपला हौदा आतून टेपने मोजा आणि पाहुण्यांकडून खोक्याचे माप मागवा. बोटभर फरकाने खोके आडवे बसले नाही तर सगळा हिशेब फिसकटतो.

वजनाची चिंता नको. आठ खोक्यांचे वजन फार तर १६० किलो, दोन क्विंटलसुद्धा नाही. मात्र येथेच एक खोच आहे. माल जड असला म्हणजे गाडीचे पाटे दबतात आणि गाडी संथ चालते. माल हलका असला म्हणजे तीच गाडी खड्ड्यागणिक उसळते. भरल्या बंडीपेक्षा रिकामी बंडी जास्त आदळते हे आपल्याला ठाऊकच आहे. सायकलीला खरा धोका या उसळीचा. त्याला उपाय आपल्याच घरात आहे.

गाडी भरण्याची रीत

१. हौदा धुऊन कोरडा करा. आदल्या दिवशी त्यात युरिया, मीठ किंवा कीटकनाशकाचे डबे वाहिले असतील तर नुसते झाडून भागणार नाही. खताचा खार धातूला खातो. कीटकनाशकाचे तर सांगायलाच नको. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरांवर आघात झाला, ते आपण विसरलेलो नाही. ज्या वस्तूला पाहुणा दिवसभर हात लावणार आणि त्याच हाताने केळे सोलून खाणार, ती वस्तू विषाच्या हौद्यातून आणू नये.

२. खाली जुनी गादी किंवा पोत्यांचा जाड थर घाला. सोयाबीनचे कोरडे कुटार स्वच्छ पोत्यांत सैलसर भरून तोंडे शिवून घ्या. ही पोती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या भिंतीला एक, दोन्ही बाजूंच्या फटीत मावतील तशी आणि शेवटी एक अशी बसवा. संत्र्याच्या पेटीत तणस घालतो त्यातलाच हा प्रकार. फळ हलता कामा नये आणि दबताही कामा नये.

३. खोकी उभीच ठेवा. एकावर एक थप्पी मारू नका. सायकलीच्या उजव्या अंगाला मागच्या चाकाजवळ गिअरचा नाजूक हात असतो, तो वाकला की गिअर पडत नाहीत. पाहुण्यांना सांगा की खोक्यावर गिअरच्या बाजूला मोठा बाण काढून आणा. सगळे बाण एकाच दिशेला ठेवले म्हणजे एकीचा टोकदार भाग दुसरीच्या नाजूक अंगावर येत नाही.

४. दोर खोक्याच्या कडेवर काचू देऊ नका. दोराखाली पुठ्ठा किंवा दुमडलेले पोते घ्या. कापसाच्या बोंद्रीला आवळतो तसा पाय देऊन आवळू नका. काही सायकलींची फ्रेम कार्बनच्या धाग्यांची असते. ती ओढीला मजबूत, पण एका जागी दाब आला तर आतून तडकते आणि वरून दिसत नाही. खोके हलणार नाही इतपतच दोर ताणावा.

५. वरून ताडपत्री घाला, पाऊस नसला तरी. दव आणि धूळ दोन्ही पुठ्ठ्याला वाईट. ताडपत्रीची टोके फडफडणार नाहीत अशी बांधा.

६. हौद्यात माणूस बसवू नका. "खोकी धरायला एखादे पोरगे मागे बसू दे," असे कुणी म्हणेल. मालाच्या गाडीत मागे माणूस बसवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडतात. पाहुण्यांनी एसटीने किंवा भाड्याच्या प्रवासी गाडीने यावे.

रस्ता कोणता घ्यावा?

नागपूरहून बुटीबोरी, सेलू, पवनार, वर्धा, देवळी, कळंब असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ येतो. कळंबहून आत वळून, किंवा यवतमाळ गाठून धामणगाव रस्त्याने बाभुळगावी पोचता येते. दुसरा रस्ता समृद्धी महामार्गाचा. नागपूरहून धामणगावच्या फाट्यावर उतरायचे आणि तेथून बाभुळगावकडे यायचे. हा रस्ता झपाट्याचा आहे, पण टोल पडतो. पाहुण्यांना मात्र बजावून सांगा की समृद्धीवर सायकल आणि मोटारसायकल दोन्हींना बंदी आहे. तेथे सायकल गाडीतूनच येईल, स्वतः चालत येणार नाही.

मला विचाराल तर पाहुण्यांना एक तिसरी युक्ती सुचवा. सायकली बाभुळगावपर्यंत खोक्यातून आणायच्याच कशाला? त्यांना सेवाग्राम पाहायचे आहेच. गांधीजी १९३६ साली ज्या खेड्यात राहायला आले ते हे सेवाग्राम. विनोबांचे पवनारही वाटेवर, धाम नदीच्या काठी. तेव्हा खोकी सेवाग्रामला उतरवावी, तेथे मुक्काम करून सायकली जोडाव्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी देवळी-कळंबमार्गे सायकलीवरच आपल्या गावी यावे. कळंबला चिंतामणीचे दर्शन होते आणि संध्याकाळी गाव येते. सवयीच्या सायकलस्वाराला एका दिवसात हे अंतर जड नाही. तुमची गाडी रिकामी खोकी आणि पिशव्या घेऊन पुढे निघून येईल. सायकल गाडीत जेवढी कमी राहील तेवढा धोका कमी.

दिवसाउजेडीच प्रवास करा. नोव्हेंबर ते जानेवारी हे सायकलीला चांगले महिने, पण तेच कापसाच्या गाड्यांचेही महिने. जिनिंगच्या आणि बाजार समितीच्या तोंडाशी रांगा लागतात, आणि रात्री दिव्याविना बंड्या रस्त्यावर असतात. वेळेचा अंदाज सैल ठेवा.

नुकसानीची जबाबदारी कुणाची?

आता पत्रातल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. भीती ही जबाबदारी आधी न ठरवल्याने वाटते. बैल भाड्याने देताना आपण दात, खूर आणि खांदा पाहून देतो आणि तसाच परत घेतो. येथेही तेच करायचे.

पहिली अट अशी की, सायकल पाहुण्यानेच बांधायची आणि पाहुण्यानेच उघडायची. ड्रायव्हरने खोके उघडू नये. आत काय होते आणि कसे होते याचा वाद मग उरत नाही.

दुसरी अट, विमानतळावर सामान ताब्यात घेताच पाहुण्याने खोके चारी बाजूंनी पाहावे. फाटले, चेपले असेल तर बाहेर पडण्याआधी तेथेच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करावी. बाहेर आल्यावर तक्रार करणे अवघड जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. विमानात झालेली मोडतोड तुमच्या मुलाच्या माथी येऊ नये, यासाठी ही अट फार महत्त्वाची आहे.

तिसरी अट, गाडीत चढवताना प्रत्येक खोक्याचे मोबाइलवर फोटो घ्या आणि उतरवतानाही घ्या. एका कागदावर नगांची संख्या, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या घ्या. कागद साधा वहीचा असला तरी चालेल.

चौथी अट, एवढ्या किमतीच्या सायकलीचा विमा पाहुण्याने काढावा. ड्रायव्हरने दारू न पिता, बेताच्या वेगाने, सांगितल्या रीतीने गाडी चालवावी, ही जबाबदारी आपली. एवढे करूनही काही झाले तर नुकसान विम्यातून जाईल, आपल्या माथी बसणार नाही, हे आधी बोलून कागदावर लिहून ठेवा. नात्यातला माणूस आहे म्हणून बोलायला संकोच करू नका. आधी बोललेले नाते टिकवते.

पाहुणा या अटी मान्य करत नसेल, तर नम्रपणे नाही म्हणावे. घरात एकच गाडी आणि तीही कर्जाची, अशा माणसाने बैलजोडीच्या किमतीच्या आठ वस्तूंची जोखीम तोंडी शब्दावर घेऊ नये. भगिनी, तुमच्या मुलाने शब्द दिला आहे हे खरे. पण अटी सांगणे म्हणजे शब्द मोडणे नव्हे.

भाडे किती घ्यावे?

पाहुणे शहरातले म्हणून अवाच्या सवा मागू नये, आणि आपले पाहुणे म्हणून फुकटही करू नये. हिशेब असा मांडावा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही आपले घाला. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर धरले आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली, तर २० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९२ रुपये धरले तर १,८४० रुपये. ड्रायव्हरची मजुरी ८००, जेवण-चहा ३००, टोल आणि वाहनतळ ४००, गाडीची झीज किलोमीटरला २ रुपयांप्रमाणे ६००. एकूण ३,९४०. त्यावर आपला नफा १,००० धरला तर ४,९४० रुपये होतात. आठ सायकलींवर वाटले तर सायकलीमागे सुमारे ६२० रुपये. झीज बहुतेक जण धरत नाहीत, आणि मग टायर बदलायची वेळ आली की कर्ज काढतात. ती धरलीच पाहिजे.

यातही बचत आहे. आपल्या भागातली भाजी, सांबार, वांगी घेऊन रात्री निघालेली गाडी पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात पोचते आणि पुष्कळदा रिकामी परतते. विमान सकाळचे असेल तर त्याच फेरीत सायकली आणता येतात. जाण्याचा खर्च भाजीवर पडतो, येण्याचा सायकलींवर. फक्त दोन गोष्टी पाहा. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला दोन-तीन तास झोप मिळाली पाहिजे, आणि ओला हौदा पुसून कोरडा झाला पाहिजे. माल उतरवताच गाडी पिटाळू नये.

घरी पोचल्यावर

माय-बहिणींनो, आता तुमच्या अखत्यारीतले.

सायकलींना कुलूप लागेल अशी कोरडी खोली द्या. औषधे आणि खते ठेवतो ती खोली नको. अंगणात एक खाट, जुन्या सुती कापडाच्या चिंध्या, बादलीभर पाणी आणि चांगला दिवा असला की त्यांचे काम होते. सायकल जोडताना लेकरांना पाहू द्या, शिकतील. पण हात लावू देऊ नका. चाक काढलेल्या डिस्क ब्रेकच्या सायकलीचा ब्रेक दाबला तर आतले गुटखे एकमेकांना चिकटतात आणि चाक बसत नाही. पोरांना नेमका ब्रेकच दाबायचा असतो.

गावचा सायकलवाला मदतीला आला तर त्याला एवढे सांगा. डाव्या पायडलचे आटे आपल्या सायकलीप्रमाणेच उलटे असतात, जबरदस्तीने फिरवू नये. आणि हवेचे तोंड बहुधा बारीक असते, आपला पंप त्याला लागत नाही. बारीक पितळी जोड मिळतो, तो पाहुण्यांनी आणावा.

आणि काटे! आपल्या गावाच्या नावातच बाभूळ आहे. कुंपणाचा काटा, रस्त्याकडेचा सराटा, दोन्ही शहरी टायरचे शत्रू. पाहुण्यांना कळवा की अगदी अरुंद टायरची सायकल आणू नका. ३५ मिलिमीटर किंवा जास्त रुंद टायर, माणशी दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचे साहित्य आणा. धुऱ्याने आणि पांदण रस्त्याने सायकल घालण्याआधी शेतमालकाला विचारा. फवारणी चालू असेल तेथून जाऊ नका.

रिकामी खोकी फेकू नका, परतीला तीच लागतात. गोठ्यात तर मुळीच ठेवू नका. शेळ्या आणि वासरे पुठ्ठा आवडीने खातात, आणि जमिनीला टेकला की वाळवी लागते. विटांवर फळी टाकून त्यावर उभी ठेवा.

परतीचा हिशेब उलटा करा. दुपारी २ चे विमान असेल तर मोठ्या सामानासाठी ३ तास आधी, म्हणजे ११ ला सोनेगावी पोचायचे. प्रवास साडेतीन तासांचा धरा, अर्धा तास राखीव ठेवा. म्हणजे सकाळी ७ ला गाडी निघालीच पाहिजे, आणि सायकली आदल्या संध्याकाळीच बांधून झाल्या पाहिजेत.

पाहुणा परदेशी असेल आणि तुमच्या घरी मुक्काम करणार असेल, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. पोलीस ठाण्यात आधी चौकशी करून ठेवा. आणि असे पाहुणे वरचेवर येऊ लागले, त्यांच्याकडून राहण्या-जेवण्याचे पैसे घेऊ लागलात, तर २०२० च्या महाराष्ट्राच्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा विचार करा. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला त्यात वाट आहे. ज्या बाईने पहाटे उठून आठ जणांच्या भाकरी थापल्या, तिच्या कष्टाचे पैसे तिच्याच नावच्या खात्यात पडावे, एवढे मात्र त्या नोंदणीची वाट न पाहताही करता येईल.

यातून कुणी श्रीमंत होईल असे मी म्हणणार नाही. चार दिवसांच्या पाहुण्यांनी कोरडवाहू शेतीचा तोटा भरून निघत नाही, आणि या नादात तुरीच्या काढणीकडे दुर्लक्ष झाले तर उलट नुकसानच. पण गाडीला रिकामी फेरी कमी पडली, मुलाला नवे काम आणि नव्या ओळखी मिळाल्या, घरच्या बाईच्या हाती स्वतःचे दोन पैसे आले, तर ते थोडके नाही. खोक्याचे माप, हौद्याचे माप, सह्यांचा कागद आणि खरा हिशेब, एवढी चार कामे पाहुणे निघण्याच्या आठ दिवस आधी उरकून घ्या. मग बैलजोडीच्या किमतीच्या सायकली आणायला हरकत नाही.

पुढच्या वेळी तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसंबंधी. तोवर शेतात पक्षी बसण्यासाठी पक्षीथांबे लावायला विसरू नका.